भूदृश्य-प्रतिकृतींमधील जलदर्शन : पारदर्शक रेझिनचा वापर, त्यामागील विज्ञान आणि अध्यापनातील उपयोग

सारांश

शाळा-महाविद्यालयांच्या प्रदर्शनांत मांडल्या जाणाऱ्या नदी, धरण, तलाव यांच्या प्रतिकृतींत पाणी हा घटक बहुधा सर्वांत दुर्लक्षित असतो. निळा रंग, निळा जिलेटिन कागद किंवा आरसा वापरून ती जागा भरली जाते. त्यामुळे प्रतिकृती पाण्याची जागा सांगते. परंतु त्याची खोली, पातळी, गढूळपणा व प्रवाह यांविषयी काहीच सांगत नाही. प्रस्तुत लेखात पारदर्शक रेझिनच्या साहाय्याने वास्तवदर्शी पाणी कसे साकारता येते, त्यामागील भौतिक व रासायनिक तत्त्वे कोणती, आणि कोल्हापूर जिल्ह्यातील नद्यांच्या संदर्भात या तंत्राचा भूगोलाच्या अध्यापनासाठी कसा उपयोग होऊ शकतो, याचे विवेचन केले आहे. विद्यार्थ्यांची सुरक्षितता व टाकाऊ रेझिनची विल्हेवाट या बाबींचाही विचार केला आहे.

बीजशब्द : डायोरामा, प्रतिकृती, इपॉक्सी रेझिन, अपवर्तनांक, पृष्ठताण, पूरपातळी, कोल्हापूर पद्धतीचा बंधारा.

१. प्रस्तावना

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणे ही महाराष्ट्रातील मुलांची पहिली प्रतिकृती-कार्यशाळा होय. दगड-विटा रचून, त्यांवर चिखल लिंपून, हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवायची, बुरुजांवर मावळे उभे करायचे आणि पायथ्याशी एक तळे करायचे. या तळ्यापाशी मात्र प्रत्येक पिढीची अडचण एकच असते. मातीत ओतलेले पाणी सकाळपर्यंत मुरून जाते. मग करवंटी किंवा डब्याचे झाकण पुरून त्यात पाणी भरले जाते; पण ते तळ्यासारखे न दिसता झाकणातल्या पाण्यासारखेच दिसते. महाविद्यालयीन स्तरावरील प्रतिकृतींमध्येही हीच अडचण निराळ्या स्वरूपात कायम राहते.

गारगोटी हे भुदरगड तालुक्याचे ठिकाण वेदगंगेच्या खोऱ्यात वसले आहे. याच नदीवर पाटगावचे धरण आहे, ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत आणि भुदरगड किल्ल्यावर दुधट पाण्याचा दूधसागर तलाव आहे. १९४७ साली डॉ. जे. पी. नाईक यांच्या पुढाकाराने येथे स्थापन झालेल्या श्री मौनी विद्यापीठाने शिक्षणाची सांगड ग्रामीण जीवनाशी घालण्याचा आदर्श समोर ठेवला. अशा परिसरात विद्यार्थ्याने आपल्याच नदीची प्रतिकृती करावी, हे स्वाभाविक आहे. परंतु त्या प्रतिकृतीतील नदी म्हणजे केवळ निळा पट्टा असेल, तर तिच्यातून नदीविषयीचे ज्ञान मिळत नाही. उलट नदी बारमाही निळी, सपाट व स्थिर असते अशी चुकीची धारणा दृढ होते. २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर या धारणेकडे केवळ सौंदर्यदृष्टीच्या उणिवेसारखे पाहता येणार नाही.

२. उद्दिष्टे

१) प्रतिकृतीत खरे पाणी वास्तव का वाटत नाही, याची भौतिक कारणे स्पष्ट करणे.
२) पारदर्शक रेझिनचे प्रकार, गुणधर्म व वापराची पद्धती सांगणे.
३) बंधारा व पूरपातळी या स्थानिक विषयांच्या अध्यापनात या तंत्राचे उपयोजन सुचविणे.
४) या तंत्रातील धोके व मर्यादा यांची जाणीव करून देणे.

३. डायोरामा : संकल्पना व पार्श्वभूमी

'डायोरामा' हा शब्द १८२२ मध्ये पॅरिस येथे लुई दागेर व शार्ल बुताँ यांनी सुरू केलेल्या प्रदर्शनामुळे रूढ झाला. त्या वेळी त्याचा अर्थ भव्य चित्रित पडद्यांवर प्रकाश बदलत दाखविलेले दृश्य असा होता. पुढे रंगविलेली पार्श्वभूमी व तिच्यापुढे मांडलेल्या त्रिमितीय वस्तू यांतून साकारलेले दृश्य, या अर्थाने तो संग्रहालयशास्त्रात स्थिरावला. कार्ल एकली यांनी १८९० मध्ये मिलवॉकी येथील संग्रहालयासाठी सिद्ध केलेले मस्करॅट या पाणथळ प्राण्याचे दृश्य हा नैसर्गिक अधिवास दाखविणाऱ्या डायोरामांचा आरंभीचा महत्त्वाचा नमुना मानला जातो. प्राणी पाणथळीत राहणारा असल्याने पाण्याचे दर्शन हा प्रश्न या कलेच्या आरंभापासूनच तिच्याशी निगडित होता, असे म्हणता येईल.

महाराष्ट्रात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील निसर्गविज्ञान दालनात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सहकार्याने असे डायोरामा साकारले गेले. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात लोकजीवनाच्या लघुप्रतिकृती आहेत, तर कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरील सिद्धगिरी संग्रहालयात ग्रामजीवन पूर्णाकृती शिल्पांतून उभे केले आहे. शेवटच्या प्रकारात, म्हणजे पूर्णाकृती दृश्यात, पाण्याचा प्रश्न सोपा असतो. तेथे खरे पाणी वापरले तरी ते विसंगत दिसत नाही. प्रश्न उद्भवतो तो दृश्य लहान केल्यावर.

४. प्रतिकृतीत खरे पाणी का चालत नाही?

घर, झाड किंवा डोंगर शंभरपट लहान करता येतो. पाण्याचे गुणधर्म मात्र लहान करता येत नाहीत. याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण पृष्ठताण. पृष्ठताणामुळे पाणी काठाला चिकटून वर चढते आणि हा परिणाम सुमारे अडीच ते तीन मिलिमीटरपर्यंत जाणवतो. प्रत्यक्ष नदीकाठी तो कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु १:१०० प्रमाणाच्या प्रतिकृतीत तीन मिलिमीटर म्हणजे तीस सेंटिमीटर. नदीचे पाणी काठाशी फूटभर उचलून धरल्यासारखे दिसू लागते. त्याच प्रमाणात चार मिलिमीटरचा थेंब हा चाळीस सेंटिमीटर व्यासाचा गोळा ठरतो. डोळ्याला ही विसंगती तत्काळ जाणवते, जरी तिचे कारण सांगता आले नाही तरी.

दुसरे कारण गती. एक मीटर उंचीवरून पडणाऱ्या पाण्याला सुमारे ०.४५ सेकंद लागतात. शंभर मीटर उंचीवरून, हवेचा रोध विचारात न घेता, सुमारे ४.५ सेकंद. म्हणजे १:१०० प्रतिकृतीतील धबधबा खऱ्या धबधब्याच्या दहापट घाईने कोसळतो. गुरुत्वाकर्षणाने नियंत्रित होणाऱ्या प्रवाहांत काळाचे प्रमाण लांबीच्या प्रमाणाच्या वर्गमुळाइतके बदलते, हा याचा अर्थ. खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात, ज्याची स्थापना १९१६ ची आहे, धरणे व बंदरे यांच्या प्रतिकृतींत खरेच पाणी सोडून अभ्यास केला जातो. परंतु तेथे दृश्याचा आभास निर्माण करणे हा हेतू नसून मोजमाप हा हेतू असतो, आणि मिळालेली मोजमापे प्रमाणाच्या नियमांनुसार रूपांतरित करून घेतली जातात. पृष्ठताणाचा प्रभाव नगण्य ठरावा म्हणून अशा प्रतिकृती पुरेशा मोठ्या ठेवाव्या लागतात.

तिसरे कारण रंग. पाणी प्रकाशातील तांबडा भाग हळूहळू शोषून घेते. त्यामुळे काही मीटर खोलीचे स्वच्छ पाणी निळसर दिसते. प्रतिकृतीतील दोन सेंटिमीटर पाण्यात हे शोषण नगण्य असते. म्हणून खोल डोह आणि उथळ पायउतार यांतील रंगाचा फरक खऱ्या पाण्याने दिसूच शकत नाही.

याखेरीज बाष्पीभवन, शेवाळ, मातीत मुरणे व लाकडी तळाची नासाडी या व्यावहारिक अडचणी आहेतच. सारांश, प्रतिकृतीत पाण्यासारखे दिसणारे, पण पाण्यासारखे न वागणारे द्रव्य हवे असते.

५. रेझिन : स्वरूप व प्रकार

ओतताना द्रव आणि काही तासांनी घन होणारी पारदर्शक रेझिन ही गरज पूर्ण करतात. ही बहुवारिके आहेत. हार्डनर मिसळल्यावर त्यांचे रेणू परस्परांना जोडले जाऊन त्रिमितीय जाळे तयार होते. एकदा घट्ट झालेले रेझिन उष्णतेने पुन्हा वितळत नाही. म्हणून त्यांस उष्मादृढ बहुवारिके म्हणतात. येथे दोन प्रकार विचारात घ्यावयाचे आहेत.

अ) पॉलिएस्टर रेझिन : फायबर ग्लासच्या कामात हे सर्रास वापरले जाते व तुलनेने स्वस्त असते. यात स्टायरीन असल्याने उग्र दर्प येतो. घट्ट होताना त्याचे आकारमान सुमारे सात-आठ टक्क्यांनी घटते. त्यामुळे ते कडेपासून सुटते किंवा त्यास तडे जातात. स्टायरीनमुळे थर्मोकोल विरघळतो. महाविद्यालयीन प्रतिकृतींचा पाया बहुधा थर्मोकोलचाच असल्याने हा दोष निर्णायक ठरतो.

ब) इपॉक्सी रेझिन : 'अराल्डाइट' या नावाने घरोघरी परिचित असलेल्या चिकटद्रव्याच्या कुळातील हे रेझिन आहे. बिसफेनॉल-ए व एपिक्लोरोहायड्रिन यांपासून ते बनते आणि त्याच्याबरोबर बहुधा अमाइन वर्गातील हार्डनर वापरला जातो. त्याचे आकुंचन कमी असते, दर्प सौम्य असतो आणि ते थर्मोकोल विरघळवीत नाही. मात्र अतिनील किरणांमुळे ते कालांतराने पिवळे पडते. शैक्षणिक प्रतिकृतींसाठी ओतकामाचे पातळ व पारदर्शक इपॉक्सी अधिक योग्य ठरते. दुकानात मिळणारे दाट चिकटद्रव्य या कामाचे नव्हे, हे लक्षात घ्यावे.

६. प्रकाशाचे गणित

पाणी डोळ्यास कसे दिसते, हे प्रामुख्याने त्याच्या अपवर्तनांकावर अवलंबून असते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, तर इपॉक्सीचा सुमारे १.५५ असतो. या फरकाचे तीन परिणाम प्रतिकृतीकाराने जाणून घेणे आवश्यक आहे.

पहिला परिणाम भासमान खोलीचा. वरून सरळ पाहताना भासमान खोली म्हणजे प्रत्यक्ष खोली भागिले अपवर्तनांक. सहा सेंटिमीटर पाणी साडेचार सेंटिमीटर खोल भासते. तेवढेच इपॉक्सी मात्र सुमारे ३.९ सेंटिमीटर खोल भासते. म्हणजे रेझिनची नदी प्रत्यक्षापेक्षा उथळ वाटते. तळाचा रंग गडद करून ही तूट भरून काढावी लागते.

दुसरा परिणाम परावर्तनाचा. काटकोनात पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे दोन टक्के प्रकाश पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होतो. इपॉक्सीवरून सुमारे साडेचार टक्के. रेझिनचे तळे अंमळ जास्त चकाकते ते यामुळेच.

तिसरा परिणाम तळाच्या द्रव्यांविषयीचा असून तो गारगोटीच्या वाचकास विशेष रंजक वाटावा. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.५४, म्हणजे इपॉक्सीच्या अगदी जवळचा. परिणामी स्वच्छ गारगोटीचा खडा पाण्यात टाकला तर दिसतो, पण इपॉक्सीत टाकला तर जवळजवळ नाहीसा होतो. कारण दोन्ही माध्यमांच्या सीमेवर प्रकाश फारसा वळत नाही. याच कारणाने नदीच्या वाळूतील क्वार्ट्झचे कण रेझिनमध्ये भिजल्यावर पारभासक होतात आणि वाळू अपेक्षेपेक्षा बरीच काळपट दिसते. म्हणून तळासाठी अपारदर्शक बेसाल्टची खडी किंवा रंगविलेली वाळू घ्यावी, आणि तिचा रंग इच्छित छटेपेक्षा एक छटा फिका ठेवावा. पदार्थविज्ञान व भूगोल या दोन विभागांनी एकत्र येऊन हा एवढा प्रयोग जरी विद्यार्थ्यांना दाखविला, तरी अपवर्तन ही संकल्पना त्यांच्या कायमची स्मरणात राहील.

७. कार्यपद्धती

७.१ तळाची तयारी : प्रतिकृतीचा पाया वाकणार नाही अशा जाड प्लायवूडचा असावा व तो पाणसळीने तपासून घ्यावा. द्रव रेझिन आपली पातळी स्वतः शोधते. पाया कललेला असेल तर नदीही कललेली दिसते. नदीपात्र प्लास्टर किंवा कागदाच्या लगद्याने घडवावे आणि पूर्ण वाळू द्यावे. ओलावा राहिल्यास रेझिनमध्ये बुडबुडे येतात.

७.२ खोलीचे रंगकाम : पाण्याचा रंग हा मुख्यतः तळाला द्यावयाचा असतो, रेझिनला नव्हे, हे या तंत्रातील सर्वांत महत्त्वाचे सूत्र होय. काठाशी मातकट, पुढे हिरवट-तपकिरी आणि डोहाच्या मध्यभागी जवळजवळ काळपट हिरवा, असा क्रम ठेवून रंग एकमेकांत मिसळावेत. अशा रंगकामावर तीन मिलिमीटरचा थर दिला तरी पुरुषभर खोलीचा आभास निर्माण होतो.

७.३ गळती रोखणे : टाचणीएवढ्या छिद्रातूनही रेझिन रात्रभरात निसटून जाते. पात्रावर वॉर्निश किंवा पातळ गोंदाचे दोन हात द्यावेत. प्रतिकृतीच्या कडेला, जेथे नदी कापली जाते, तेथे अॅक्रिलिकची पट्टी मेणाचा हात देऊन घट्ट बांधावी. फटी मेणाने बुजवाव्यात.

७.४ मिश्रण : रेझिन व हार्डनर यांचे प्रमाण उत्पादकाने दिल्याप्रमाणे तंतोतंत, शक्यतो वजनकाट्यावर मोजून घ्यावे. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर वाढविण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु इपॉक्सीत जादा हार्डनर शिल्लक राहून थर मऊ व चिकट राहतो. मिश्रण सावकाश, भांड्याच्या कडा व तळ खरवडत ढवळावे. फेटल्यास हवा मिसळते.

७.५ ओतकाम : मिश्रण बारीक धारेने ओतावे. एका वेळचा थर पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जाड नसावा. कारण ही अभिक्रिया उष्मादायी आहे. जाड थरात उष्णता साचून रेझिन पिवळे पडते, त्यास तडे जातात आणि थर्मोकोल वितळतो. वर आलेले बुडबुडे केस वाळविण्याच्या यंत्राची कोमट हवा दुरून फिरवून घालवावेत. नंतर धूळ बसू नये म्हणून प्रतिकृती खोक्याने झाकून चोवीस तास हलवू नये.

७.६ ऋतूची निवड : भुदरगड तालुक्यात जून ते सप्टेंबर या काळात हवेत आर्द्रता भरपूर असते. दमट हवेत अमाइन हार्डनरची बाष्प व कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया होऊन पृष्ठभागावर पांढुरका, तेलकट पडदा येतो. ऐन थंडीत रेझिन दाट होते व बुडबुडे बाहेर पडत नाहीत. अशा वेळी घट्ट बंद केलेली बाटली थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवावी. फेब्रुवारी-मार्च हा काळ सर्वांत अनुकूल. स्नेहसंमेलनाच्या आदल्या आठवड्यात घाईने केलेले ओतकाम बहुधा बिघडते.

७.७ वनस्पती व वस्तू : लव्हाळे, पाने, काटक्या पूर्ण वाळवून व वॉर्निश लावूनच रोवाव्यात. हिरव्या पानातील ओलावा रेझिनमध्ये बुडबुड्यांची माळ निर्माण करतो व पान तपकिरी पडते. पृष्ठताण रेझिनलाही असतोच. तेही काठाने सुमारे दोन मिलिमीटर चढते. हा दोष काठावर नंतर बारीक माती व गवत लावून झाकावा.

८. वाहते व गढूळ पाणी

सपाट रेझिन म्हणजे वारा पडलेल्या दुपारचे तळे. नदीला प्रवाह हवा. त्यासाठी घट्ट झालेल्या थरावर पारदर्शक अॅक्रिलिक जेल कुंचल्याने पसरून तरंग उठवावेत. तरंगांची दिशा, खडकामागील भोवरे व वळणाच्या बाहेरील बाजूचा वेग यांचा येथे अभ्यास असावा लागतो. अन्यथा नदी उलट्या दिशेने वाहताना दिसते. धबधबा किंवा धरणाचा विसर्ग दाखविण्यासाठी पारदर्शक सिलिकॉनच्या धारा प्लास्टिकवर ओढून, वाळल्यावर सोडवून जागेवर लावाव्यात व पायथ्याशी पिंजलेल्या कापसाचा फेस द्यावा. राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाजांतून उसळणारे पाणी पांढरेशुभ्र दिसते. कारण त्यात हवा मिसळलेली असते. ते केवळ पारदर्शक रेझिनने दाखविता येत नाही.

पारदर्शकता हा सर्वत्र गुणच असतो असे नाही. पावसाळ्यात सह्याद्रीच्या जांभ्या मातीने लाल झालेली नदी, किंवा भुदरगडावरील दुधट तलाव यांसाठी स्वच्छ रेझिन हे चुकीचे चित्र ठरेल. अशा वेळी रेझिनमध्ये रंगाचा केवळ काडीच्या टोकाएवढा अंश मिसळावा. ऋतूनुसार एकाच नदीचे तीन नमुने, म्हणजे उन्हाळ्यातील, पावसाळ्यातील व हिवाळ्यातील, शेजारी शेजारी मांडले तर गाळवहनाचा संपूर्ण धडा डोळ्यांसमोर उभा राहतो.

९. स्थानिक उपयोजन

९.१ कोल्हापूर पद्धतीचा बंधारा : दगडी खांबांच्या खाचांत बरगे बसवून पाणी अडविण्याची ही पद्धत या जिल्ह्याच्याच नावाने महाराष्ट्रात ओळखली जाते. पावसाळा संपताना बरगे घातले जातात व पुढील पावसाळ्यापूर्वी काढले जातात. या बंधाऱ्याचे तत्त्व सर्वस्वी पाण्याच्या पातळीत आहे. बरगे घातले असता वरच्या अंगास पाणी फुगून संथ राहते, तर खालच्या अंगास उथळ, खडकाळ प्रवाह दिसतो. प्रतिकृतीत दोन्ही बाजूंस एकच निळा रंग दिला, तर बंधारा म्हणजे केवळ एक पूल वाटतो. रेझिनमध्ये वरच्या अंगास तीन-चार थर व खालच्या अंगास एकच पातळ थर देऊन त्यावर तरंग उठविल्यास बंधाऱ्याचे कार्य शब्दांविना समजते. वेदगंगेवरील एखादा बंधारा निवडून, विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष जाऊन खांब मोजून, दोन्ही अंगांच्या पातळ्या नोंदवून अशी प्रतिकृती करणे हा क्षेत्रभेटीचा उत्तम उपक्रम होऊ शकेल.

९.२ पूरपातळीची काप-प्रतिकृती : कोल्हापुरात पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची पातळी हा घरोघरी चर्चेचा विषय असतो. तेथे इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ व २०२१ मध्ये नदीने धोका पातळी कितीतरी फुटांनी ओलांडली. वृत्तपत्रांत येणाऱ्या या दोन आकड्यांमधील चार फूट म्हणजे नेमके काय, हे मात्र आकड्यांतून उमगत नाही.

१:२०० प्रमाणात नदीचा आडवा काप घेतल्यास ३९ फूट म्हणजे मापकाच्या शून्यापासून ५९.४ मिलिमीटर, तर ४३ फूट म्हणजे ६५.५ मिलिमीटर. समोर अॅक्रिलिकची सपाट पट्टी लावून सुमारे पाच सेंटिमीटर जाडीच्या या कापात रेझिनचे दहा थर दिले की इशारा पातळी येते. तेथे एक बारीक रंगीत रेषा ओढावी. त्यावरील अकरावा थर, सुमारे सहा मिलिमीटरचा, हा इशारा व धोका यांमधील संपूर्ण अंतर व्यापतो. या प्रमाणात साडेपाच फूट उंचीचा माणूस ८.४ मिलिमीटरचा होतो. म्हणजे इशारा पातळीच्या रेषेवर कोरड्यात उभा असलेला माणूस धोका पातळीला छातीपर्यंत पाण्यात असतो. नदीकाठचे घर, गोठा, विजेचा खांब व रस्ता यांच्या लघुप्रतिकृती त्या थरात अर्ध्या बुडालेल्या दिसतात. बुडालेली वस्तू पाण्यातून दिसणे हे निळा रंग कधीच साधू शकत नाही. रेझिनचे खरे सामर्थ्य येथे आहे.

कापाची लांबी ६० सेंटिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात १२० मीटर, धरली आणि आयताकृती जागेपैकी निम्मी जागा पाण्याने व्यापली असे मानले, तर सुमारे ९८० घनसेंटिमीटर रेझिन लागते. इपॉक्सीची घनता सुमारे १.१ धरल्यास हे वजन एक किलोग्रॅमहून थोडे अधिक होते. दिवसाला एक थर याप्रमाणे अकरा दिवसांचे काम होईल. पातळी वाचताना प्रतिकृतीकडे समोरून, काटकोनात पाहावे. वरून पाहिल्यास अपवर्तनामुळे खोली कमी भासते, हे वर सांगितलेच आहे.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. ३९ व ४३ फूट हे आकडे केवळ राजाराम बंधाऱ्यावरील मापकाचे आहेत. ते वेदगंगेस किंवा अन्य नदीस लागू करता येत नाहीत. तसेच पात्राचा काप कल्पनेने न काढता प्रत्यक्ष मोजणीवरून किंवा जलसंपदा विभागाच्या नोंदींवरून घ्यावा. आपल्या गावाच्या नदीसाठी प्रतिकृती करताना गावातील वडीलधाऱ्यांकडून पुराच्या खुणा विचारून, त्यांची उंची मोजून त्या प्रतिकृतीत दर्शविता येतील. ग्रामपंचायतीत ठेवलेली अशी प्रतिकृती प्रदर्शनातील बक्षिसापेक्षा अधिक मोलाची ठरेल. कारण पाणी कोठवर आल्यावर घर सोडावयाचे, याचा निर्णय घेण्यास ती साहाय्यभूत होऊ शकते.

१०. सुरक्षितता व विल्हेवाट

रेझिन हे हस्तकलेचे साहित्य म्हणून विकले जात असले तरी ते रसायन आहे, आणि विद्यार्थ्यांच्या हाती ते देताना रसायनशाळेचीच शिस्त पाळली पाहिजे.

१) इपॉक्सी व विशेषतः अमाइन हार्डनर यांच्या वारंवार स्पर्शाने त्वचेस अॅलर्जी होऊ शकते. ती एकदा जडली की बहुधा आयुष्यभर राहते आणि पुढे अल्प स्पर्शानेही उद्भवते. म्हणून नायट्राइलचे हातमोजे अनिवार्य मानावेत. हाताला लागलेले रेझिन थिनरने पुसू नये. साबण व पाण्याने धुवावे.
२) काम हवेशीर खोलीत करावे. पॉलिएस्टर रेझिन वापरायचेच असेल तर ते उघड्यावर, बाष्परोधक मुखपट्टी लावून वापरावे. त्याचा पेरॉक्साइड हार्डनर डोळ्यात गेल्यास दृष्टी जाण्याचा धोका असतो. चष्मा आवश्यक आहे. हा हार्डनर व कोबाल्टचा प्रवेगक एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. त्यामुळे स्फोट होऊ शकतो.
३) मोठ्या प्रमाणात कालविलेले मिश्रण भांड्यातच ठेवल्यास ते तापून धुमसू लागते. लागेल तेवढेच कालवावे.
४) घट्ट रेझिन घासताना उडणारी धूळ श्वासात जाऊ नये म्हणून ओल्या पॉलिश कागदाने घासावे.
५) उरलेले द्रव रेझिन मोरीत, गटारात वा ओढ्यात ओतू नये, द्रव स्थितीत ते जलचरांस घातक असते. हार्डनर मिसळून थोड्या थोड्या प्रमाणात घट्ट करावे व मग घन कचरा म्हणून त्याची विल्हेवाट लावावी. नदीची प्रतिकृती करताना नदीच दूषित होणार असेल, तर तो उपक्रम न केलेला बरा.

११. मर्यादा

घट्ट झालेले रेझिन वितळवून पुन्हा वापरता येत नाही; त्यामुळे दरवर्षी नवी प्रतिकृती करून जुनी टाकून देण्याची प्रथा या तंत्राशी सुसंगत नाही. विभागाने वर्षानुवर्षे जपावी अशी एकच काळजीपूर्वक केलेली प्रतिकृती पुरेशी आहे. ती उन्हात ठेवू नये. खर्च हीदेखील मर्यादा आहे. म्हणूनच तळाच्या रंगकामावर भर देऊन रेझिनचा थर पातळ ठेवण्याची पद्धत सर्वसाधारण प्रतिकृतींसाठी सुचविली आहे आणि जाड थर केवळ पूरपातळीसारख्या, खोली हाच विषय असलेल्या प्रतिकृतींसाठी राखून ठेवले आहेत. शालेय स्तरावर लहान मुलांच्या हाती रेझिन देऊ नये. त्यांनी पात्र घडवावे व रंगवावे, ओतकाम शिक्षकाने करावे.

यापलीकडे एक तात्त्विक मर्यादाही आहे. रेझिन एक क्षण गोठवून ठेवते. नदी मात्र क्षणोक्षणी बदलते. म्हणून अशी प्रतिकृती क्षेत्रभेटीला पर्याय ठरू शकत नाही. ती क्षेत्रभेटीची नोंदवही आहे.

१२. निष्कर्ष

१) लहान प्रमाणाच्या प्रतिकृतीत खरे पाणी पृष्ठताण, गती व रंग या तीन कारणांनी अवास्तव दिसते; त्यामुळे पर्यायी द्रव्याची गरज भासते.
२) शैक्षणिक कामासाठी पारदर्शक ओतकामाचे इपॉक्सी रेझिन पॉलिएस्टरपेक्षा अधिक योग्य आहे.
३) पाण्याच्या वास्तवतेचे श्रेय रेझिनपेक्षा तळाच्या रंगकामास व नदीच्या प्रत्यक्ष निरीक्षणास अधिक जाते.
४) बंधारा व पूरपातळी यांसारख्या विषयांत, जेथे पाण्याची पातळी हीच माहिती असते, तेथे हे तंत्र विशेष उपयुक्त ठरते.
५) सुरक्षिततेची शिस्त व टाकाऊ रेझिनची योग्य विल्हेवाट या अटींवरच त्याचा शैक्षणिक वापर समर्थनीय आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अनुभवाधारित अध्ययनावर भर देण्यात आला आहे. असे अध्ययन महागड्या साधनांनीच होते असे नाही. भूगोल, पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र या तीन विभागांनी एकत्र येऊन, आपल्या गावाजवळच्या नदीचा एक काप मोजून, त्याची एक प्रतिकृती सिद्ध केली, तर तिच्यात तिन्ही विषयांचे अध्यापन सामावलेले असेल. दिवाळीच्या किल्ल्यातील तळ्यापाशी पडलेला प्रश्न महाविद्यालयात येऊन अशा रीतीने सुटावा, आणि तो सोडविताना विद्यार्थ्याने आपल्या नदीकडे एकदा नीट पाहावे, हीच या तंत्राची खरी फलश्रुती होय.